फियाटचा कडता

“प्रभाबाई, कालवा बंद झाला की साहेबाला रिकामं बसू देऊ नका,” असं गोजरबाईंनी मला मी ह्या कॉलनीत राहायला आले त्याच महिन्यात सांगितलं होतं. गोजरबाई म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांचे यजमान कालव्याच्या गेटवर, त्यामुळे आमच्या आधीचे दोन इंजिनिअर त्यांनी फार जवळून पाहिलेले. “पाणी थांबलं की ह्या साहेबलोकायचं डोकं वाहायला लागतंय. पहिल्यानं मधमाशा पाळल्या. दुसऱ्यानं भिंत फोडून खिडकी केली, मंग खिडकीतून थंडी येऊन राह्यली म्हणून बदली मागितली.”

मी हसले. मी बी.एस्सी. झालेली, तीही पदार्थविज्ञान घेऊन. रिकामा माणूस फार तर वर्तमानपत्र दोनदा वाचेल, अशी माझी समजूत. आणि वर्तमानपत्रानंच घात केला.

एकोणऐंशी सालच्या जानेवारीत अस्तरीकरणाच्या दुरुस्तीसाठी कालवा महिनाभर बंद झाला. तिसऱ्याच दिवशी ह्यांना चौथ्या पानावर, कोपऱ्यात, एक बातमी सापडली. औरंगाबादच्या पलीकडे एका जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर हौशी लोकांच्या मोटारींच्या शर्यती होणार होत्या. बातमीत अट एकच, गाडी रोजच्या वापरातली असावी. पाच फेऱ्या, दोन्ही टोकांना तेलाची रिकामी पिंपं मांडलेली, त्यांना वळसा घालून यायचं.

“आपली गाडी रोजच्या वापरातली आहे,” हे म्हणाले.

आमची गाडी म्हणजे बासष्ट सालची करडी फियाट. एका डॉक्टरांकडून घेतलेली, म्हणून तिच्या आत अजून टिंक्चरचा वास येई. तिचा रोजचा वापर म्हणजे ह्यांना कालव्यावर नेणं आणि आमच्या बेबीनंदाला लस टोचायला अंबडला नेणं. बेबीनंदा तेव्हा चौदा महिन्यांची होती. तिच्या मांडीत सुई आणि फियाटच्या पोटात पेट्रोल, दोन्ही एकाच फेरीत. अशी गाडी शर्यतीत उतरवायची, ह्यावर शहाण्या बायकोनं काय म्हणावं? मी म्हणाले, “कुठल्या तारखेला?”

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगात त्या क्षणी वीज शिरली. कॉलेजात गती, बल, घर्षण सगळं फळ्यावरच पाहिलं होतं. ते पहिल्यांदाच आमच्या दारात, चार चाकांवर उभं होतं. पण दुसऱ्याच क्षणी मांडीवरच्या मुलीकडे लक्ष गेलं आणि मनात एकच प्रश्न पक्का बसला: गाडी पळेल कशी हे बघायला सगळं गाव येईल, ती थांबेल कशी हे कोण बघणार?

वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर पुंजाराम मिस्त्रीचं गॅरेज होतं. विहिरींवरची ऑइल इंजिनं हा त्याचा खरा धंदा, मोटारी तो मन रमवायला दुरुस्त करी. ह्यांनी बेत सांगितला तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला, फियाटभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “साहेब, महिनाभरात एकच काम हुईल. सांगा काय करायचं. दोन करायला गेलो तर गाडी तुमाला पोत्यात घालून न्यावी लागंल.”

एकच काम! झालं, इथून पुढचे दहा दिवस आमच्या ओसरीवर परिषद भरू लागली.

पुंजारामचं मत पहिल्यापासून ठाम. “इंजिनाचं हेड घासू. हेड घासलं की कॉम्प्रेशन वाढतंय. मागल्या साली एका इंजिनाचं घासलं तर पाणी इतक्या जोरात आलं की हौदाची भिंत गेली.”

“मग भिंत गेली ना?” मी विचारलं.

“भिंत कच्चीच होती, वैनीसाब.”

अण्णासाहेब आमच्या कचेरीतले हेडक्लार्क. त्यांना स्वतःची गाडी नव्हती आणि म्हणूनच गाड्यांविषयी त्यांची मतं स्वच्छ होती. ते म्हणत, टायर बदला. “वहिनी, जमिनीला काय लागतं? टायरच लागतं न? मंग बाकीच्याला खर्चा कशाला?” गोजरबाईंचं मत, गाडी लाल रंगवावी, बाकी काही करू नये. आणि हे? ह्यांचं मत रोज रात्री बदले आणि सकाळी दाढी करताना पक्कं होई. शेवटी एकदाचं ठरलं: वजन! “गाडी हलकी केली की वेग फुकटात. त्याला मिस्त्रीही लागत नाही. मिस्त्रीचं एक काम शिल्लकच राहतं.”

मी दहा दिवस एकच सांगत होते: ब्रेक. वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागतं. हे माझं मत नाही, हा सृष्टीचा नियम आहे. परिषदेनं तो आदरपूर्वक ऐकला आणि माझ्याकडे आणखी एक चहा मागितला.

मग मीही हट्टाला पेटले. एका सकाळी कालव्याच्या काठच्या रस्त्यावर ह्यांना साठच्या वेगानं यायला लावलं, कडेला पांढरा दगड ठेवला आणि दगडाशी येताच ब्रेक दाबायला सांगितलं. कडेवर बेबीनंदा, मनगटावर लग्नातलं घड्याळ, पायाशी कचेरीतली तीस मीटरची फीत. फीत संपली आणि गाडी अजून चालतच होती. पुढे एक शेळी होती, ती शहाणी निघाली म्हणून बरं.

“मुरूम आहे, घसरणारच,” हे म्हणाले. “धावपट्टी डांबरी आहे.”

असं माझं संशोधन एका वाक्यात निकालात निघालं.

मधल्या काळात कचेरीनंही आपला हात दाखवला. सरकारी नोकरानं शर्यतीत उतरायचं तर परवानगी हवी. अण्णासाहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. “हे खाजगी धंद्यात बसतंय, का कलेत, का क्रीडेत, हे आधी ठरवावं लागंल.” धंद्यात बसवलं तर नोकरी जाईल, कलेत बसवलं तर वरचे साहेब हसतील. म्हणून क्रीडा. पण क्रीडेच्या छापील अर्जात फक्त कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल. आठ दिवसांनी परवानगी आली ती ‘कबड्डी (मोटार)’ स्पर्धेसाठी, सोबत छाती फुगवून आणि न फुगवता मोजल्याचा डॉक्टरी दाखला जोडण्याच्या अटीवर. ह्यांनी छाती मोजून घेतली. फुगवल्यावर पाऊण इंच वाढली. त्या आनंदात त्यांनी गाडीचा मागचा सोफा काढून टाकला.

सोफ्यामागोमाग स्टेपनी गेली, जॅक गेला, दोन्ही बंपर गेले, पायाखालची रबरं गेली. सिगारेटची राखदाणीसुद्धा गेली, ती काही छटाक भरली असती-नसती. पुढच्या लसीला मी बेबीनंदाला घेऊन मागच्या मोकळ्या पत्र्यावर जेवणाचा पाट टाकून बसले. प्रत्येक वळणाला पाट आम्हा मायलेकींना घेऊन एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सरके. बेबीनंदा खिदळत होती. मी, पदार्थविज्ञानाची पदवीधर, दाराच्या मुठीला लोंबकळून अंबडच्या बाजारपेठेतून गेले आणि ओळखीच्या तीन बायकांनी मला पाहिलं.

आता शर्यत भरवणाऱ्या क्लबाच्या अर्जातली शेवटची अट. कुणी दारंखिडक्या काढून सांगाडा घेऊन येऊ नये म्हणून फियाटचं वजन आठशे वीस किलोच्या खाली चालणार नव्हतं. काट्यावर तोलून पावती जोडायची. एवढी मोठी गाडी तोलणारा काटा धान्याच्या मोंढ्याबाहेरच. आम्ही गेलो तर पुढं तुरीच्या बारा बैलगाड्या. आमचा नंबर तेरावा. मागचा गाडीवान दर पाच मिनिटांनी विचारी, “पाव्हणं, तुमचे बैल कुठं सोडले?”

काट्यावर रामकिसन बसे. वीस वर्षं त्याच खुर्चीवर, डोळे अर्धे मिटलेले, कानावर पेन्सिल. त्यानं फियाटच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं. “माल काय हाये?”

“माल नाही. गाडीच तोलायची.”

“गाडीच माल,” असं पुटपुटत त्यानं काटा हलवला, ओठ हलवले आणि पावती लिहिली: आठशे तेरा.

तिथंच पोत्यांसाठी लहान काटा होता. आईचं मन, दुसरं काय. मी बेबीनंदाला त्याच्यावर बसवलं. रामकिसननं तिच्याकडे, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ओठ हलवले आणि मी मागितली नसताना तिचीही पावती फाडली: साडेआठ किलो.

आठशे तेरा! हे पावती घेऊन घरी आले ते जमिनीला पाय न लावता. गाडी हवी त्यापेक्षाही सात किलो हलकी! आता उलट वजन घालायचं होतं. कुठलं? “गुरुत्वमध्य खाली असावा, तूच म्हणतेस ना?” असं म्हणून ह्यांनी माझा पाटा उचलला. चांगला अठरा किलोचा, माहेरून आलेला. तो ड्रायव्हरच्या सीटमागं दोन पट्ट्यांनी आवळून बसवला. माझंच शास्त्र माझ्याच स्वयंपाकघरावर उलटलं. चटणी बंद झाली. गोजरबाईंच्या पाट्यावर वाटायला जाऊ लागले तेव्हा त्या माझ्याकडे फार मायेनं बघत.

पण खरा घाव पुढचाच होता. “इतकी हलकी गाडी झाल्यावर ब्रेकचं काम करायचं कारणच उरलं नाही,” हे म्हणाले. “हेड घासू.” पुंजारामनं त्याच संध्याकाळी बॉनेट उघडून हेडचे नट सोडायला घेतले. अण्णासाहेबांनी टायरचा हट्ट सोडून त्याला अनुमोदन दिलं. माझ्या बाजूनं एकच मत उरलं, आणि त्याला अजून बोलता येत नव्हतं.

शर्यतीला अकरा दिवस. मी आत गेले. तेव्हा मला त्या दुसऱ्या पावतीची आठवण झाली. साडेआठ किलो! महिन्यापूर्वी आरोग्य केंद्राच्या कार्डावर बेबीनंदाचं वजन नऊ किलो होतं. मुलीचं अर्धा किलो वजन उतरलं! गाडीच्या नादात मी पोरीकडे पाहिलंच नाही! झालं, डोळ्यांपुढे जंत, गोवर, जे जे पुस्तकात वाचलं होतं ते सगळं रांगेनं उभं राहिलं. दोन दिवस तिला तुपात कालवलेला भात, खिमट, केळं, पुन्हा तूप. तिसऱ्या दिवशी ती केळं बघून तोंड फिरवू लागली, म्हणजे भूकही गेली! मी तिला उचललं आणि एस.टी.नं तडक आरोग्य केंद्र गाठलं.

नर्सबाईंनी काट्यावर ठेवलं. “नऊ किलो दोनशे. कशाला काळजी करता? उलट जरा तूप कमी घाला.”

परतीच्या एस.टी.त डोक्यात हिशेब सुरू झाला. इथं नऊ-दोनशे, तिथं साडेआठ. सातशे ग्रॅम गेलं कुठे? मोंढ्यापाशी मी गाडी थांबवायला लावून उतरले आणि सरळ रामकिसनपुढे जाऊन उभी राहिले.

“तुमचा काटा चुकीचा आहे.”

रामकिसनचे डोळे वीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण उघडले असावेत. “काटा? काटा बिलकुल बराबर हाये, बाई. सरकारी शिक्का हाये.”

“मग माझी मुलगी साडेआठ कशी?”

त्यानं वही उघडली, बोट फिरवलं. “ही बघा. नऊ-दोनशेच भरली. त्यातून बारदान गेलं अर्धा किलो. राह्यली आठ-सातशे. कडता गेला दोनशे ग्रॅम. साडेआठ.”

“बारदान? माझ्या मुलीचं?”

“झबलं हाये, टोपडं हाये, पायात वाळे हायेत. बारदानच की ते.”

“आणि कडता कसला?”

“ओल, माती, खडा,” तो समजुतीनं म्हणाला. “कोणताबी माल आला की ते धरावंच लागतंय. पोरगी ओली होती, बाई.”

ते मात्र खरं होतं.

मग माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. “रामकिसनभाऊ, आमच्या मोटारीचाही कडता कापला?”

“मंग? क्विंटलमागं दोन किलो. आमच्या काट्यावर सगळ्याला एकच न्याय.” त्यानं पान उलटलं. माल: मोटार. प्रत: मध्यम. आठशे तीस. वजा कडता सतरा. आठशे तेरा.

मी त्या माणसाचे पाय धरायचे बाकी ठेवले. आठशे तीस! म्हणजे गाडी हलकी झालीच नव्हती हवी तेवढी, पाटा उगाच बसला होता, आणि हलकी गाडी म्हणून ब्रेक नकोत हे सगळं अनुमान मातीखड्याच्या कडत्यावर उभं होतं. मला धावत घरी जायचं होतं. पण आधी बिनकडत्याची पावती हवी होती, आणि रामकिसन तयार होईना. “कडत्याबिगर वजन लिहायला वहीत रकानाच न्हाई.” शेवटी अण्णासाहेबांना बोलावणं गेलं. रकाना नसलेल्या ठिकाणी काय लिहावं ह्या विषयात त्यांच्याइतका जाणता माणूस तालुक्यात नव्हता. त्यांनी समासात उभं लिहवून घेतलं, ‘माल कोरडा असल्याने कडता माफ.’

ओसरीवर परिषद भरली. मी पावती मध्ये ठेवली आणि काही बोलले नाही. बायकांना हे फार कठीण जातं म्हणतात. मला त्या दिवशी फार सोपं गेलं. ह्यांनी पावती वाचली, पाठीमागून वाचली, मग पाट्यासकट गाडीचं वजन मनात मांडलं. चेहरा उतरला.

“आठशे अठ्ठेचाळीस,” ते हळूच म्हणाले. “त्यात मी.”

“त्यात तुम्ही,” मी म्हणाले. “आणि तुमच्या समोर पिंप.”

बेबीनंदा मधोमध रांगत गेली आणि तिनं पावती तोंडात घातली. मग हे म्हणाले, “पुंजाराम, हेड परत बसव. ब्रेक घे.” आणि क्षणभर थांबून, “मी तसं पहिल्यापासून म्हणतच होतो.” मी तेही ऐकून घेतलं. जिंकलेल्या माणसानं थोडं सोडावं.

पुंजाराम मात्र तीन दिवस रुसला. “वैनीसाब, गाडी थांबवायची तर घरीच उभी करा की.” पण एकदा हातात काम घेतल्यावर तो तो राहिला नाही. ब्रेकचे चारही ड्रम जालन्याला नेऊन लेथवर साफ करून आणले, नवे लायनर ठोकले, नळ्यांतलं जुनं काळं तेल काढून नवं भरलं. जायच्या दिवशी त्यानं नारळ आणि लिंबू आणलं. आमच्या घरात छप्पन्न सालच्या दीक्षेपासून लिंबू फक्त वरणात पडतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं नारळ स्वतःच्या गॅरेजच्या उंबऱ्यावर फोडला आणि खोबरं आमच्या हातावर ठेवलं. गाडीतून सुटून घरी आलेल्या पाट्यावर त्याची चटणी वाटून मी डब्यात घेतली. कालव्याच्या काठी पुन्हा तोच पांढरा दगड, तीच फीत. गाडी बावीस मीटरवर, हात जोडून उभं राहावं तशी उभी राहिली. शेळी जागची हललीसुद्धा नाही.

शर्यतीच्या मैदानावर जत्राच होती. सहा गाड्या: चार फियाट, दोन अँबेसेडर. आमच्या शेजारी मंठ्याचा शिवाजी उभा होता. पंचविशीतला, कापडदुकानवाल्यांचा एकुलता एक, पांढऱ्या फियाटला टेकून गोळ्या वाटत होता. त्यानं बेबीनंदालाही एक दिली, ती मी काढून घेतली.

“हेड घासलंय, वैनी. डबल कार्बोरेटर. रातीतून आवाज केला तर आमच्या गल्लीतले कुत्रे गाव सोडून गेल्ते.”

“आणि ब्रेक?”

“ब्रेक कशाला?” तो मनापासून हसला. “थांबायला आलोय काय इथं?”

रुमाल पडला आणि सहाही गाड्या सुटल्या. काय सांगू तुम्हाला! मी किती ओरडले त्याचा मला हिशेब नाही. बेबीनंदा घाबरून माझ्या तोंडावर हात ठेवत होती. सरळ रस्त्यावर आमची गाडी सगळ्यांच्या मागं, पण पिंपापाशी! तिथं बाकीचे लांबूनच घाबरून हळू होत आणि हे अगदी जवळ जाऊन ब्रेक दाबून, गर्रकन वळून, एकाला मागं टाकून बाहेर येत. दुसऱ्या फेरीला पाचवे. तिसरीला चौथे. चौथीला दुसरे! “ब्रेक, ब्रेक!” मी ओरडत होते, आणि शेजारचे एक गृहस्थ मला समजावत होते, “बाई, शर्यतीत असं नसतं ओरडायचं.”

पाचवी फेरी. पुढं शिवाजी, एका गाडीच्या अंतरावर हे. दोघं लांबच्या पिंपाकडे झेपावले. पांढऱ्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले, आणि गाडी तशीच पुढं गेली. दिवे लागलेले आणि गाडी चाललेली. पिंप उडालं, गाडी सरळ धावपट्टी ओलांडून तुरीच्या शेतात घुसली आणि मागं नुसती धूळ उठली. त्याच धुळीत आमची करडी गाडी गेली.

मी ओरडायची थांबले. ते काही सेकंद घड्याळात मोजायची मला बुद्धी झाली नाही.

धूळ खाली बसली तेव्हा आमची फियाट आडव्या पडलेल्या पिंपापासून दोन हातांवर उभी होती. दार उघडं. हे शर्यत सोडून तुरीत पळत चालले होते. एकामागून एक चारही गाड्या त्यांना वळसा घालून निघून गेल्या, शेवटी एक म्हातारे डॉक्टर अँबेसेडरमधून, हात हलवत. आमचा नंबर पाचवा आला, तोही शिवाजी पोहोचलाच नाही म्हणून.

शिवाजी तुरीतून चालत बाहेर आला. केसांत शेंगा, कपाळावर एवढंसं खरचटलेलं. “काय पळली न, वैनी!” एवढंच म्हणाला. मी बेबीनंदाला ह्यांच्याकडे दिलं. परतीच्या वाटेवर पाचोड आलं. मग हे म्हणाले, “पुढच्या वर्षी...” आणि मी म्हणाले, “लायनर आधी बघून घ्यायचे.” आणि मग आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो.

सगळं छान झालं. पण माझं एक काम अडलं आहे. शिवाजीची गाडी दुरुस्त झाली असं पुंजाराम सांगतो. पत्रा ठोकला, नवा रंग दिला, हेड पुन्हा घासलं. ब्रेकचं विचारलं तर पुंजाराम मान हलवतो. मी शिवाजीला दोन पोस्टकार्डं टाकली, उत्तर नाही. तुमचं मंठ्याकडे जाणं झालं, तर बाजारातल्या कापडाच्या दुकानासमोर पांढरी फियाट दिसेल. मुलगा हसत बाहेर येईल, चहा सांगेल, हेडचं कौतुक ऐकवील, ऐकून घ्या. पण आधी गाडीचं दार उघडा आणि ब्रेकवर पाय दाबून बघा. पाय तळाला टेकला, तर चहासाठी थांबू नका. सरळ आत त्याच्या आईकडे जा.